एकादशीचे मासे

“आणि हे पाप कोणाच्या माथी, महाराज?”

विश्वंभर गुडघाभर पाण्यात उभा राहून ओरडत होता. जाळ्यापुढे त्याने दोन्ही हात आडवे पसरले होते.

“माझ्या,” काठावरून हंसगीर महाराज म्हणाले.

तळं देवीचं. त्यातला मासा धरायचा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची आण. आणि आज खुद्द मठाच्या महाराजांनीच तिथे भोयांना जाळं टाकायला लावलं होतं. शिष्याचा संताप खोटा नव्हता. पण पुण्यवान माणूस चिडला की त्याच्यापुढे कोणाचं चालत नाही. तानबा भोई बिचारा हातात दोर धरून मुकाट उभा होता.

“दर एकादशीला मी बाजारातून जिवंत मासे सोडवून आणतो,” विश्वंभर म्हणाला. “सुरीखालून! या तळ्यात त्यांना जीवदान देतो. आणि तुम्ही...”

“कोणते मासे?”

“मासा म्हणजे मासा. जिवाजिवांत भेद कसला?”

“कोणते, ते विचारलं.”

“मांगूर. मासेवालीच्या पाटीत तेवढेच जिवंत असतात.”

तानबाला राहवलं नाही. “परदेशी मांगूर हाय त्यो. पान्याभाईर लवकर मरत न्हाई, आन् पान्यात दुसऱ्याला जगू देत न्हाई.”

“तू गप्प बैस! तुझा धंदाच मारायचा.”

“तो निदान सांगून मारतो,” महाराज म्हणाले.

विश्वंभर लाल झाला.

महाराजांनी पायरी उतरून झोळीतून मूठभर लाह्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या.

“खडसांना बोलाव.”

खडस हे या तळ्याचे मूळचे मासे. सोनेरी खवल्यांचे, माणसाळलेले. पायरीवर टाळी वाजली की झुंडीने यायचे आणि हातातली लाही टिपायचे. विश्वंभर मठात नवा आला, तेव्हा ते बघून लहान मुलासारखा हसला होता.

त्याने टाळी वाजवली. लाह्या टाकल्या.

लाह्या तरंगत राहिल्या.

पुन्हा टाळी...

पाणी हललं. एक चपटं काळं डोकं वर आलं. मिशा हलल्या. लाह्या गडप. मग दुसरं डोकं. मग तिसरं.

“जाळ्याला भिऊन खडस खोल गेले असतील,” विश्वंभर म्हणाला. आवाज मघासारखा चढला नाही.

“जाळं आज आलं. गेल्या पावसाळ्यापासून खडसाचं एक पिल्लू दिसलेलं नाही. मोठे आहेत चारदोन, देवळामागच्या कपारीत. ते गेले की संपलं.”

“मला हे ठाऊक नव्हतं.”

“विचारलं होतंस कुणाला?”

विश्वंभराने तोंड फिरवलं. आता मात्र महाराजांचा तोल गेला. “अरे, खाटकाच्या हातून लांडगा सोडवलास आणि वासरांच्या गोठ्यात आणून बांधलास! वर उपास केलास, वर नमस्कार घेतलेस! आणि या गरिबाला गप्प बस म्हणतोस?”

तानबा खाली मान घालून पाण्याकडे बघत राहिला.

“पण देवीची आण, महाराज...” विश्वंभर म्हणाला.

“आण खडसांसाठी होती.”

विश्वंभर बाजूला झाला. जाळं पुढे सरकलं. तो काठाकडे वळला, तेव्हा महाराजांनी तानबाच्या हातातला दोर घेतला आणि विश्वंभरापुढे धरला.

“हे माझ्याच्याने व्हायचं नाही. मी आजवर मुंगीसुद्धा मारलेली नाही.”

महाराजांनी हात मागे घेतला नाही.

बऱ्याच वेळाने विश्वंभराने दोर धरला.

जाळं काठाकडे येऊ लागलं. आत धडपड वाढली, पाणी गढूळ झालं. दोर तळहातात रुतत होता. त्याने पाय रोवले, दात आवळले, आणि शेवटी त्याला रडू फुटलं.

“महाराज... फार जड आहे हो.”

“तुझंच पुण्य आहे ते. ओढ.”