उपमेची माधुकरी

एकदा एका आचार्यांनी आपल्या शिष्याला ऐन माधुकरीच्या वेळी असे काही काम सांगितले, की शिष्याला वाटले, वयोमानाने गुरुजींचे काहीतरी बिनसले. तसे काही नव्हते. पण आधी त्या शिष्याची हुशारी सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिनेच केला होता.

हे आचार्य नदीकाठच्या एका गावात काव्यशास्त्र शिकवीत. ओसरीवर अध्यापन चाले आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होते. तिथे आचार्यांच्या पत्नीचे राज्य. शिष्य तिला माई म्हणत. घराचा नियम असा, की दुपारी झोळी घेऊन गावात माधुकरीला जायचे, दारात उभे राहून अन्न मागायचे आणि मिळेल तेवढेच आणायचे. न विचारता कुणाच्या परसातला कढीपत्ताही तोडायचा नाही. आणलेल्या भाकरतुकड्यांवर माई गरम आमटी वाढीत असे.

आमचा हा शिष्य उपमांच्या बाबतीत भलताच तयार होता. आता एका वस्तूला दुसरीसारखी म्हणणे हे आपण सगळेच दिवसभर करतो. भाजीवाली करते, भांडणारी सून तर फारच छान करते. याला मात्र त्याचे वेड होते, आणि खरे सांगायचे तर थोडी घमेंडही होती. नगरातल्या एका व्यापाऱ्याने कविसभा भरवायचे ठरवले होते. तिथे जो गाजेल त्याला व्यापारी आपल्या पाठशाळेत कायमचे ठेवून घेणार होता. या तरुणाला ना घर होते ना आईबाप. त्याचे पुढचे सगळे आयुष्य त्या एका कवितेवर होते.

सभा दोन दिवसांवर आली तेव्हा त्याने ओसरीवर सर्वांसमोर ती कविता म्हटली. विषय आटलेली नदी. वाळूवर उरलेल्या भोवऱ्यांच्या खुणा त्याने कुंभाराच्या थांबलेल्या चाकासारख्या म्हटल्या. त्याच वाटेने रोज फिरणारा सूर्य तेल्याच्या घाण्याचा बैल झाला. आणि शेवटी आली ती ओळ: कोरड्या पात्रावरून गुणगुणत जाणारा वारा, वांझेने गायिलेल्या अंगाईसारखा व्यर्थ.

मित्रांनी माना डोलावल्या. अशी ओळ आमच्या पिढीत झाली नाही, असेही कुणी म्हणाले. पिढीचे वय वीस वर्षे. आत माईच्या हातातली पळी थांबली. ती उठून मागच्या अंगणात गेली. तरुणाचे तिकडे लक्ष नव्हते, आचार्यांचे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी त्याला जवळ बोलावले.

"आज अन्न मागू नकोस. तुझ्या कवितेत ज्या ज्या घरची वस्तू आली आहे, त्या त्या घरी जा. म्हणावे, ही मी न विचारता उचलली, ठेवू की परत करू?"

"गुरुजी, उपमेला कोण परवानगी मागतो?"

"तू मागशील. जा."

तरुण मनातून चरफडला, पण गेला. कुंभार त्याचे म्हणणे ऐकून हसतच सुटला. "घ्या की महाराज. तुमच्या बोलण्यानं माझं चाक थोडंच झिजतंय!"

तेलिणीने कमरेवर हात ठेवले. "सूर्याला आमचा बैल म्हणालात होय? म्हणा बापडे. पण सूर्य ढगाआड दडी मारतो, आमचा बैल नाही मारत. तेवढं ध्यानात असू द्या."

तरुणाला गंमत वाटू लागली. आता उरली शेवटची ओळ. ती कुणाच्या दारी न्यायची? वांझ बाई ही काही गावातली नव्हे, ती पोथीतली, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. नसलेल्या गोष्टीला शास्त्रात वंध्यापुत्र म्हणतात, म्हणजे वांझेचा मुलगा. तो शब्द त्याने गुरुजींपाशीच घोकला होता. पण अंगाई? ती तर पोथीत नव्हती. ती आपण कुठे ऐकली, हे तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून आठवू लागला.

आणि त्याला आठवले. या घरी आला तेव्हा तो लहान होता, तापाने फणफणलेला होता. माईने त्याला मांडीवर घेऊन रात्रभर अंगाई म्हटली होती. जन्मात त्याने ऐकलेली अंगाई तेवढीच. माईला मूल नाही हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही; जिला माई म्हणतो तिच्याबद्दल ते कधी मनात आले नव्हते, इतकेच. त्याचे कान तापले. भर उन्हात त्याला तोंड लपवावेसे वाटले.

तो परत आला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मान वर होईना.

"झोळी रिकामीच का रे? कुणी वाढलं नाही?" माई म्हणाली, आणि उठून तिने दुरडीतली भाकरी त्याच्या झोळीत घातली.

त्याला रडू फुटले. "माई, मी या घरातून एक वस्तू उचलली."

"ऐकलं मी काल." ती परत चुलीपुढे बसली. "राहू दे ती. ओळ चांगली बसली आहे. सभेत तुझं नाव होईल."

"ओळ खोटी आहे, माई. मी झोपलो होतो त्या अंगाईने. ती व्यर्थ कुठे गेली? उद्या मी ती म्हणणार नाही."

माई बराच वेळ जाळ सारखा करत राहिली. "अरे, मला सवय आहे," ती म्हणाली. "वंध्यापुत्र हा शब्द या भिंतीपलीकडून किती वर्षं ऐकतेय. मुलांना पढवायला तो लागतोच म्हणे."

ओसरीवर आचार्यांनी हे ऐकले. ते उठून आत आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाळा," ते शिष्याला म्हणाले, "उपमा देताना कवीचे लक्ष ज्याचे वर्णन करायचे त्याच्याकडे असते. वाऱ्याला तू अगदी न्याहाळून पाहिलेस. पण ज्याची उपमा द्यायची, तेही कुणाचे तरी आयुष्य असते, आणि ते माणूस भिंतीपलीकडे बसून ऐकत असते. वाऱ्याला काही लागत नाही. लागते ते त्या माणसाला. हे मला काल कळले, ती उठून गेली तेव्हा. इतक्या उशिरा. मी तुला तुझ्या चुकीसाठी पाठवले असे तुला वाटले असेल. खरे कारण असे, की या दारात उभे राहण्याचे धैर्य माझ्यात नव्हते."

एवढे बोलून त्यांनी शिष्याच्या खांद्यावरची झोळी काढून आपल्या खांद्याला लावली, आणि आयुष्यभर ज्या घराचे धनी होते त्या घराच्या स्वयंपाकघरासमोर ते मान खाली घालून उभे राहिले. माईने त्यांना लगेच आत बोलावले नाही.

दुसऱ्या दिवशी सभेत ती कविता शेवटच्या ओळीवाचूनच म्हटली गेली. ती लंगडी पडली, असे मी इथे लिहून टाकले होते. मग खोडले. आमच्या शेजारी कुबडी घेऊन चालणारे एक गृहस्थ राहतात, आणि हे सदर ते दर आठवड्याला वाचतात.