रखमाजीनं जपलेला पूल

सांगा बरं, पूल कशासाठी बांधतात? पलीकडे जायला? रखमाजीच्या गावात हे मोठ्यानं बोलू नका. लोक हसून हसून खाली बसतील.

ओढ्याकाठच्या त्या गावात रखमाजी नावाचा एक भोळा ठेकेदार राहत होता. बाप ठेकेदार, म्हणून हाही ठेकेदार. मनानं सोन्यासारखा. सांगितलेली गोष्ट कधी विसरायचा नाही. तीच तर अडचण होती.

ओढ्यावर पूल नव्हता, म्हणून गावातल्या पोरांना कोणी मुलगी देत नव्हतं. पलीकडच्या येसाजीमामांची हौसा रखमाजीला आवडली होती. तिलाही तो आवडला होता. पण मामांनी स्पष्ट सांगितलं, "आधी पूल होऊ दे. वऱ्हाड घेऊन मी पुलावरूनच येणार. लेकीच्या लग्नात धोतर खोचून पाण्यातून चालायचा नाही मी."

नेमका त्याच वर्षी सरकारनं पूल मंजूर केला, आणि काम रखमाजीला मिळालं. इंजिनियर दाभाडे साहेब म्हणाले, "रखमाजी, सरकारी कामाच्या पद्धती आता बदलल्यात. पूर्वीसारखं एकाच नियमाला चिकटून बसायचं नाही. मी सांगत जाईन तसं करत जा."

"तुम्ही सांगाल तसंच करीन, साहेब," रखमाजी म्हणाला. आणि त्यानं तसंच केलं.

पहिल्यांदा आणायची होती खडी. रखमाजीनं सगळ्यांत स्वस्त खडीवाला गाठला. तो दिवाळीला येतो म्हणाला आणि होळीला आला.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, नव्या पद्धतीत नुसता भाव बघत नाहीत, वेळही बघतात. जे लवकर होईल ते चांगलं!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

ठेवलं. पुढे पुलाचा स्लॅब ओतला. काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालच्या फळ्या काढायच्या नसतात. पण दुसऱ्याच दिवशी रखमाजी म्हणाला, "मिस्त्री, काढा फळ्या."

"अहो, अजून ओलं आहे ते!"

"जे लवकर होईल ते चांगलं. काढा."

फळ्या निघाल्या. पाठोपाठ स्लॅबही निघाला. धबाक! ओढ्यातल्या म्हशी शेपट्या वर करून पळाल्या.

साहेब धावत आले. "अरे, एकट्यानं कशाला ठरवलंस? नव्या पद्धतीत साहेब, ठेकेदार, मिस्त्री सगळे एकत्र बसतात. एकमत झाल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

आठवडाभरात पुढच्या खांबाच्या खड्ड्यात डोकावताना साहेबांचाच पाय घसरला. कमरेपर्यंत चिखल. "दोर टाका, दोर!"

रखमाजी धावत आला, आणि तसाच धावत माघारी गेला. त्यानं सतरंजी आणली. भर रस्त्यात अंथरली. सगळ्यांना बसवलं.

"साहेब खड्ड्यात आहेत. दोर टाकायचा की शिडी? बोला."

निम्मे म्हणाले दोर, निम्मे म्हणाले शिडी. एकजण म्हणाला, आधी चहा. त्यावर मात्र एकमत झालं.

सतरंजीच्या दोन्ही बाजूंना बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि एसटी अडकून पडली. शेवटी एसटीच्या कंडक्टरनं साहेबांना ओढून वर काढलं.

चिखलानं माखलेले साहेब बोलले, "सगळी वाट अडवून बसलास? नव्या पद्धतीत अख्खा रस्ता कधी बंद करत नाहीत! निम्मा चालू ठेवायचा, निम्म्यावर काम करायचं!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

साखरपुड्याच्या सकाळी रखमाजी मुकुंदाच्या दुकानात दाढीला बसला. एक गाल झाला, अर्धी मिशी उतरली, तसा तो उठला.

"अहो, दुसरी बाजू?"

"ती चालू ठेवायची आहे."

येसाजीमामांनी जावयाला डावीकडून पाहिलं. मग उजवीकडून पाहिलं. "पोरी, यातला कुठला पसंत आहे तुला?"

हौसा पदराआड हसली. "दोन्ही चालतील, आबा."

साहेबांनी रखमाजीला कोपऱ्यात घेतलं. "अरे, काम असं टाकून उठतात का? नव्या पद्धतीत काम संपलं तरी ठेकेदारानं हात झटकायचे नाहीत. दहा वर्षं ते त्याचंच. डोळ्यांत तेल घालून जपायचं. ओरखडा येता कामा नये!"

"एवढंच ना? ध्यानात ठेवतो."

पूल झाला. देखणा झाला, कारण राहिलेलं काम मिस्त्रीनं रखमाजीला न विचारता केलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मामा वऱ्हाड घेऊन आले. पुढे वाजंत्री, मागे टेम्पो, त्यामागे साहेबांची जीप. पुलाच्या तोंडाशी दोर बांधलेला. दोरामागे हळद लावलेला नवरदेव, हातात काठी.

"दोर सोडा, जावईबापू."

"नाही सोडता येणार, मामा. ओरखडा येईल."

"आम्ही चपला काढतो."

"बैठकीत ठरवावं लागेल. आणि माझं मत 'नाही' असं आहे."

"मग आम्ही यायचं तरी कधी?"

"दहा वर्षांनी."

वाजंत्री थांबली. साहेब जीपमधून उतरले. "अरे शहाण्या, पूल माणसांसाठीच असतो!"

"साहेब, तुमचाच शब्द आहे. मी मोडणार नाही."

साहेब गुपचूप जीपमध्ये बसले आणि त्यांनी काच वर केली.

मामा लालबुंद झाले. "चल पोरी, माघारी. मोडलं हे लग्न!"

रखमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोरावरचा हात मात्र सुटला नाही. "हौसा, पूल तुझ्यासाठीच बांधला गं. पण जपायला सांगितलंय."

हौसा दोरापाशी आली. मग म्हणाली, "आबा, जो माणूस सिमेंटला इतका जपतो, तो मला किती जपेल?"

मामांनी डोकं खाजवलं. तोवर हौसानं लुगडं खोचलंही. "खोचा धोतर, आबा."

पण रखमाजी पूल नजरेआड करून मांडवात यायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांचं लग्न ओढ्यात, गुडघाभर पाण्यात, बरोब्बर पुलाच्या खाली लागलं, आणि अक्षता माशांनी खाल्ल्या.