वन डोसा, प्लीज

हॉटेलात ‘प्लीज’ म्हणायचं, मग घरी आई वाढते तेव्हा का नाही? ताईच्या इंग्रजीच्या वर्गात धोंडाबाईच्या धाकट्या भिवाने असं विचारलं, तेव्हा सगळ्या भाजीवाल्या बायका हसल्या.

सरावासाठी ताईने त्या बायकांना मिरजेच्या मोठ्या हॉटेलात नेलं. बायकांनी हाका मारल्या, पण कुणी फिरकलं नाही. शेवटी धोंडाबाई अडखळत म्हणाली, “वन डोसा, प्लीज.”

मॅनेजर मोठ्याने हसला. “मावशी, भूकपण इंग्रजीत लागते वाटतं?”

बायका लाजून उठू लागल्या.

ताई म्हणाली, “भूक मराठीतच लागते, साहेब. पण मराठीत मागितलं तेव्हा तुम्हाला ऐकूच आलं नाही.”

डोसे मॅनेजरनेच आणून वाढले.

पुढे ताई गेली. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. भिवाने हात जोडले.

“ताई, जेव की गं,” तो म्हणाला. “प्लीज.”