घुंगराची पारंबी

फार जुन्या काळी एका वडाच्या ढोलीत जनावरांचं वाचनालय होतं. ते सांभाळणाऱ्या झुपकी खारीला रोज नवी काळजी लागे. एकदा कोळीदादांनी तिथे जाळं विणलं. प्रत्येक धागा एकेका पुस्तकाला बांधलेला. धागा ओढला की पुस्तक समोर हजर! माकडं तर नाचलीच.

साळूमामा साळिंदर मात्र येईनासे झाले. न राहवून झुपकी त्यांच्या बिळाशी गेली. आत त्यांचं पिल्लू गोष्टीसाठी भोकाड पसरून बसलं होतं.

"मामा, पुस्तक का नाही नेलंत?"

"माझे काटे अडकतात गं. जाळं फाटलं तर सगळे हसतील."

"अहो, कसं ओढायचं ते लिहून ठेवलंय की!"

"कुठे?"

"सातव्या धाग्याला..." झुपकी बोलता बोलता थांबली. "अगं बाई! म्हणजे ते वाचायलाही धागाच ओढायचा. आणि मी स्वतःला शहाणी समजते!"

परत येऊन तिनं दारातल्या जाड पारंबीला घुंगरू बांधलं.

"हिनं कुठलं पुस्तक येणार?" कोळीदादांनी टोमणा मारला.

"पुस्तक नाही, मी येणार. मग धागा मी ओढीन."

झुपकीचा निरोप मिळताच संध्याकाळी साळूमामांनी घाबरत पारंबी हलवली आणि गोष्टीचं पुस्तक घेऊनच ते घरी गेले.

सकाळी पुन्हा घुंगरू वाजलं. झुपकी धावत आली, तर आठही पायांनी पारंबीला लोंबकळत होते कोळीदादा.

"जरा बघतेस का? विणलं मीच, पण माझं पुस्तक कुठल्या धाग्याला बांधलं तेच आठवत नाहीये."