राजाचं कबुतर कोणी अडवलं?

"केस उगवणारं तेल! पुन्हा केस उगवणारं तेल!" ताटावर बसलेल्या कबुतराच्या पायातली चिठ्ठी वाचून राजा तडकसेन ओरडला. "गोजरे, कामाची कबुतरं गेली कुठं?"

ढाबळीतली कबुतरं सांभाळणारी गोजरी म्हणाली, "जाहिरातींच्या गर्दीत चेंगरलीत, महाराज!"

"मग काळी यादी आणा! यादीतल्या ढाबळीचं कबुतर दिसलं की हाकला. फालतू एकही आत यायला नको, कामाचं एकही अडायला नको. आज जमलं नाही, तर तुझी सगळी कबुतरं रश्श्यात!"

गोजरीनं तर एकेका पिल्लाला हातानं भरवलं होतं.

याद्या करणारे दोघं आले. विलासपंतांची यादी दाराबाहेर लोळत होती. प्रधानजी तिच्यावर लगेच भाळले. धोंडाबाईंची यादी जेमतेम हातरुमालाएवढी.

"महाराज," गोजरी म्हणाली, "दोघांना पाळीपाळीनं दारावर बसवू. तुम्ही बागेत बसा आणि कबुतर पाठवून लाडू मागवा."

आधी विलासपंत बसले. राजाचं कबुतर आलं. त्यांनी मुजरा करून आत घेतलं. तेलवाल्या शेटजींचं आलं; बडा माणूस, म्हणून तेही मुजरा करून आत! राणीच्या आईचं मात्र हाकललं. तिच्या गावातला एक गूळवाला जाहिराती पाठवायचा, म्हणून पंतांनी अख्खं गावच यादीत घातलं होतं!

मग धोंडाबाई बसल्या. तेलवाल्याचं कबुतर त्यांनी हाकललं. राणीच्या आईचं घेतलं. आणि राजाचं हाकललं!

लाडवांची वाट बघून राजा तणतणत आला. "माझं कबुतर अडवलं?"

"अडवणारच!" धोंडाबाई म्हणाल्या. "रोज पहाटे तुमच्या ढाबळीतून घरोघरी कविता येते. कोणी न मागता! काल 'माझी मिशी, भाग एकोणचाळिसावा' आला."

प्रधानजींना उकळ्या फुटल्या. "कामाचं कबुतर अडलं! पेटवा चूल!"

"थांबा!" गोजरी पुढे आली. "महाराज, हीच यादी घ्या. ती तुम्हाला भीत नाही, तेलवाल्याला काय भीक घालणार!"

"आणि माझे लाडू?"

"ते तुमच्याच हातात आहे की! कविता मागेल त्यालाच पाठवा, तुमचं नाव आजच यादीतून निघेल. मग फालतू एकही आत नाही आणि कामाचं एकही बाहेर नाही!"

राणी फिसकन हसली. राजानं मिशीला पीळ देऊन रागवायचा प्रयत्न केला, पण त्यालाही हसू फुटलं.

"जिंकलीस, गोजरे! तुझ्या कबुतरांना जन्मभर खजिन्यातून दाणे. शिवाय तुझ्यावर एक छानशी कविता..."

"महाराज," गोजरीनं हात जोडले, "मी मागितली नाही!"

राजा इतका हसला, की त्याची पगडी नुकत्याच आलेल्या लाडवांच्या परातीत पडली.