कोंडलेले पेव

कोणत्या राजाच्या काळातली कुणास ठाऊक, पण ही गोष्ट फार जुनी आहे. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका गावात नवरा-बायको राहत होते. दोघांचाही भाकरीवर भारी जीव. तव्यावरची भाकरी टम्म फुगली की बाईचा चेहराही खुलायचा. घरात खाणारी तोंडे दोनच, आणि गोठ्यातल्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या धान्याच्या खोल खड्ड्यात, ज्वारी मात्र सात वर्षे पुरेल इतकी.

मग दुष्काळ पडला. गावातल्या चुली पेटेनाशा झाल्या. या दोघांना भुकेची भीती नव्हती, भीती होती ती भुकेल्यांची! भाकरीचा वास बाहेर जाईल म्हणून बाई दारे-खिडक्या लावून भाकऱ्या भाजायची. नुसते कुणी दारावरून गेले तरी तिच्या छातीत धस्स व्हायचे.

एके दिवशी दुपारी दारात एक म्हातारी आली. "लेकी, अर्धी भाकर दे गं. नातीच्या पोटात दोन दिवस काही नाही."

"आमच्याकडं तरी कुठं आहे, आजी?" असे म्हणून बाईने कडी घातली.

घरात काढून ठेवलेली ज्वारी खरेच संपली होती. पेव उघडणे भाग होते. गावाची रीत अशी, की पेव उघडायचे ते चार माणसांना हाक मारून. तोंडावरची फरशी काढायची, दिवसभर वारा लागू द्यायचा, मग दोरीने आत दिवा सोडायचा. दिवा विझला तर कुणीही उतरायचे नाही. पेवात कोंडलेली हवा माणसाचा जीव घेते.

"दिवसभर उघडं ठेवलं तर गाव गोळा होईल," नवरा कुजबुजला. "मी पटकन उतरतो, टोपली भरतो आणि वर येतो."

"अहो, निदान दिवा तरी..."

"हळू बोल!"

तो शिडीने उतरला. टोपलीत दाणे पडल्याचा आवाज आला. मग धप्पकन काहीतरी पडले. मग काहीच ऐकू येईना.

"अहो!" बाईने हाक मारली, तीही दबक्या आवाजात. ओरडावे तर गावाला सगळे कळणार, न ओरडावे तर कुंकू पुसले जाणार. शेवटी ती धावली, कडी काढली आणि जीव खाऊन ओरडली, "धावा हो! माझ्या धन्याला वाचवा!"

लोक धावत आले. सगळ्यांच्या पुढे तीच म्हातारी.

"कुणी उतरू नका!" ती म्हणाली. "आधी घोंगडी सोडून खाली-वर हलवा. वारा जाऊ द्या आत!"

उपाशी हातांनी घोंगडी हलवली. एक गडी कमरेला दोर बांधून उतरला, आणि बाकीच्यांनी दोघांनाही वर ओढले. ज्वारीचा ढीग सगळ्यांना दिसला. पण कुणी एका दाण्याला हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने डोळे उघडले. "पेव झाक," तो पुटपुटला. "लोक बघतील."

"लोकांनी बघितलं," बाई रडत म्हणाली, "म्हणून तर तुम्ही आहात."

तिने पेवातली ज्वारी दळली, चूल पेटवली आणि पहिली भाकरी म्हातारीच्या नातीला दिली. नवऱ्याची छाती जन्मभर अधू राहिली. पेव मात्र गावासाठी उघडे झाले, आणि त्या दुष्काळात पुढे कुणी भुकेने मेले नाही.

तात्पर्य: भुकेल्याला भिऊन दार लावू नये, त्याला आपल्यातली भाकरी द्यावी, आपल्या संकटात धावून येणारा तोच असतो.