खडी गल्लीची पालखी

साहेब, फीत जरा जपून धरा, ही खडी बोटं कापते. आमच्या मानपेठेत अशा कच्च्या गल्ल्या एकेकाळी बारा होत्या. अकरा पक्क्या झाल्या, उरली ती ही एकच, दीडशे पावलांची. डांबर, काँक्रीट की सिमेंटचे ठोकळे, असे तीन पर्याय घेऊन तुम्ही मोजणीला आला आहात. मी पालिकेत तीस वर्षं शिपाई होतो. हेच तीन पर्याय मी पाच साहेबांच्या टेबलावर पाहिले. त्यांना जी गोष्ट सांगितली, तीच तुम्हाला सांगतो. सावलीत उभे राहा.

असे सांगतात, की फार पूर्वी इथे एक जहागीरदार होता. त्याला पाठीचं दुखणं होतं आणि रस्त्यातल्या धक्क्यांचा भारी राग. त्यानं बाराही गल्ल्यांना फर्मान सोडलं, की आपापला रस्ता पक्का करा. फरशी बसवा, चुन्यात खडी ठोकून घ्या, नाहीतर विटा लावा. पर्याय तेव्हाही तीनच होते! फाल्गुन पौर्णिमेला तो पालखीतून सगळ्या गल्ल्या फिरणार होता. समोर तेलानं काठोकाठ भरलेली वाटी असणार. ज्या गल्लीत थेंब सांडेल, तिथल्या मुकादमाचे दोन्ही हात तोडायचे.

आमच्या गल्लीत दगडफोडे राहत. रस्ता बांधणं शहरात फक्त त्यांनाच येत होतं, तेव्हा जो तो त्यांच्याच दारी. त्यांचा मुकादम यंकाप्पा भला माणूस, म्हणजे आमच्यासारखाच खुळा. त्याला वाटलं, आधी लोकांचं उरकून टाकू, मग लोक आपल्याला हातभार लावतील. अकरा गल्ल्या झाल्या तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. स्वतःच्या गल्लीत खडी कशीबशी पसरून झाली, पण ती ठोकून बसवायला माणसं हवी होती. यंकाप्पा अकराही गल्ल्यांत हात जोडून फिरला. लोकांनी पाणी दिलं, गूळ दिला. माणूस एकानंही दिला नाही. एकानं तर म्हणे विचारलं, "तुमच्या गल्लीत सरकार येतात कशाला?"

सरकार आले. अकरा गल्ल्यांत वाटी हलली नाही. बाराव्या गल्लीच्या तोंडाशी भोई थबकले. त्यांचे पाय अनवाणी, आणि पायाखाली नुकतीच फोडलेली, सुटी, धारदार खडी. दुसऱ्या टोकाला शिपायांनी यंकाप्पाला ओंडक्याशी बांधलं होतं. कुऱ्हाड तयार होती.

यंकाप्पाची बायको तिमव्वा गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. तिनं ओंडक्याकडे पाहिलं, भोयांच्या पायांकडे पाहिलं आणि वस्तीला म्हणाली, "खडी सरकती. पाठ सरकत न्हाई. निजा समदी."

असं म्हणून ती खडीवर पालथी पडली. तिच्या पुढं दुसरी, मग तिसरा, म्हातारीकोतारीसुद्धा. भोई पाठींवरून चालू लागले. गल्ली लांब, माणसं थोडी. पालखी पुढं सरकली की मागची माणसं उठत, धावत पुढं जात आणि पुन्हा पालथी पडत. तिमव्वा तीनदा पडली. तिसऱ्यांदा पडली ती ओंडक्याजवळ, सगळ्यांच्या पुढं.

तिथं सरकारांनी पालखी खाली टेकवायला सांगितली. खाली तिमव्वा होती. सरकार आतच बसून वाटीत बघत राहिले, अगदी सावकाश. थेंब सांडला नव्हता. ते खूश झाले आणि म्हणाले, "पाठीला धक्का म्हणून लागला नाही. बारांत हाच रस्ता उत्तम. याला दुसरं काही घालू नका."

सरकार शब्दाचे पक्के. यंकाप्पाला त्यांनी सोडलं. पालखी उचलली गेल्यावर त्यानं वाचलेल्या दोन्ही हातांनी तिमव्वाला उलटं केलं. खडी कपाळात रुतली होती आणि श्वास थांबला होता.

पुढच्या फाल्गुनात पालखी पुन्हा आली. त्याच्याही पुढच्या. जहागीरदार मेला, तेव्हा रिकाम्या पालखीत काय ठेवायचं असा प्रश्न पडला. अकरा गल्ल्यांनी मिळून चांदीचा मुखवटा घडवला आणि नाव दिलं तिमाई. नवसाला पावते म्हणे! म्हणजे आता आमची तिमव्वाच पालखीत बसते आणि आमच्या पाठीवरून जाते. या गोष्टीचा मला फार राग येतो साहेब, पण पौर्णिमेला मीही पालथा पडतोच. हा माझ्या पाठीवरचा वण त्याचाच.

आजही ही खडी तशीच आहे. गेल्या आषाढात माझी सून अडली. रुग्णवाहिका नाक्यावरच थांबली, आत येईना. तिला खाटेवर घालून आम्ही चौघांनी नेलं, पाय घसरत, ठेचकाळत. मूल वाटेतच गेलं. दुसऱ्या दिवशी मी पालिकेच्या सभेत उभा राहिलो. म्हटलं, तिन्हीतलं कुठलंही घाला, पण यंदा घाला. समोर सगळे अकरा गल्ल्यांचेच सभासद. त्यांतला एक जण उठला, जवळ आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी कळवळून म्हणाला, "काका, रस्ता केला तर पौर्णिमेला तुम्ही झोपणार कशावर?"